खरं असेल तरच वाजेल

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे, काचेवर केसाएवढी बारीक चीर आहे आणि बॅटरी अर्धा दिवससुद्धा धड टिकत नाही. तरीही मला अजून कोणी भंगारात दिलेले नाही. कापड बेतायच्या एका मोठ्या टेबलाच्या खणात, खडूचे तुकडे आणि मोजपट्टी यांच्या शेजारी माझी जागा आहे. सकाळी मला न चुकता चार्जिंगला लावतात, माझी काच पुसतात. एवढी बडदास्त मी नवाकोरा होतो तेव्हाही कोणी ठेवली नव्हती. ती आता का ठेवतात, हे तुम्हाला सांगावे म्हणून बोलायला बसलो आहे. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. माझ्या बोलण्यात रडारड सापडणार नाही. मला मध्यंतरीपासून काही वाटेनासे झाले आहे. यंत्राला काय वाटायचे, असे तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. डोक्याला टोप्या आणि हातात पांढरे मोजे घातलेल्या मुली आमचे सुटे भाग जोडत. सगळे जोडून झाले की एका बंद खोलीत आमचा आवाज तपासला जाई. माझी पाळी आली तेव्हा मी असा काही खणखणीत वाजलो की तपासणाऱ्या बाईने मान वर करून पाहिले आणि ती शेजारणीला म्हणाली, "ह्याचा गळा चांगला आहे गं." मला मिळालेली ती पहिली शाबासकी. तेव्हापासून मला माझ्या आवाजाचा थोडा तोरा होता, हे कबूल करतो.

माझ्या पोटात तऱ्हेतऱ्हेचे आवाज भरलेले होते, पण त्यातला एक सगळ्यांहून वेगळा होता. पूर, वादळ, आग, विषारी वायू असे काही संकट आले, तर सरकार त्या भागातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी सूचना पाठवते. ती आली की हा आवाज निघतो. फोन मुका करून ठेवलेला असला तरी निघतो. लाइन लागत नसली, सगळे जण एकाच वेळी फोन करत असले, तरी ही सूचना तेवढी मोबाइलच्या मनोऱ्यावरून नीट पोचते. हा आवाज गोड नाही, आणि तो गोड असू नये म्हणूनच तसा केलेला आहे. दचकवणे हेच त्याचे काम आहे.

मला विकत घेतले ते एका कटिंगमास्तरांनी. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात ते कापड बेतायचे काम करत. कापडाचे थरावर थर रचायचे, वरच्या थरावर खडूने बाह्या, कॉलर, पाठ असे सगळे आखायचे आणि मग विजेवर चालणारे पात्याचे यंत्र त्या रेघांवरून फिरवायचे. मास्तरांचा हात इतका स्थिर होता की बाकीचे कारागीर नुसते पाहत उभे राहत. त्यांचे दोन नियम होते. पहिला असा, की टेबलाखाली चिंध्यांची एक भली थोरली टोपली असे. कामावर आल्यावर प्रत्येकाने आपला फोन त्या चिंध्यांत खुपसून ठेवायचा. मास्तरांचाही त्याला अपवाद नव्हता. दुसरा नियम असा, की एकदा पाते थरात शिरले की कापणी पुरी होईपर्यंत थांबायचे नाही. अर्धवट सोडलेले थर सरकतात, आणि मग उजवी बाही डाव्या बाहीला काही केल्या जुळत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मात्र मास्तर मला बाहेर काढत. कापडाचा हिशेब माझ्यावर करत, नव्या गणवेशाचा फोटो माझ्यात घेत, आणि कापडाच्या तागांमागे काही पडले तर माझाच दिवा लावून शोधत. "हा आहे म्हणून माझं चाललंय," असे ते एकदा चारचौघांत म्हणाले होते. ते दिवस माझ्या भरभराटीचे होते.

एकदा दुपारी, पाते भर थरात असताना, टोपलीतले आम्ही सगळे फोन एकदम किंचाळलो. पहिलीच सूचना होती ती. चिंध्यांच्या आतून आलेला तो आवाज काय आहे, हे कोणालाच कळेना. इस्त्रीवाल्याला वाटले, वायर कुठेतरी जळाली. त्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला. शिलाईवाल्या बायका मशिनी सोडून अनवाणी दारापर्यंत पोचल्या. मास्तरांचा हात हलला आणि सगळ्या थरांच्या बाह्या वाकड्या कापल्या गेल्या. मग कोणीतरी टोपली उपडी केली आणि संदेश वाचला. ती नुसती चाचणी होती.

"म्हणजे काहीच झालेलं नाही?" मास्तरांनी विचारले.

"काहीच नाही, मास्तर."

"मग काही झालेलं नाही हे सांगायला एवढं बोंबलायचं कशाला?"

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. त्यानंतर कारखान्यात कोणी मोठ्याने शिंकले की दुसरा ओरडे, "घाबरू नका, चाचणी आहे, चाचणी!" मास्तर तेवढे हसले नाहीत. वाया गेलेल्या कापडाबद्दल मालकांची बोलणी त्यांनाच खावी लागली होती.

पुढे मास्तरांनी नवा फोन घेतला आणि मी त्यांच्या मोठ्या बहिणीकडे गेलो. तिला सगळे जण ताईच म्हणत. आईवडील लवकर गेल्यामुळे मास्तरांना तिनेच लहानाचे मोठे केले होते. सुई धरायलाही तिनेच शिकवले होते. ताई एकटी राहायची. नदीमागच्या गल्लीत एक जुनी इमारत होती, तिच्या तळाशी, रस्त्यापेक्षा थोडी खाली उतरून तिची खोली होती. खिडकी उंचावर आणि गजांची. त्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसत. ताई पायांवरून माणसे ओळखायची. खोली एवढीशी, की आत दार उघडायला जागा नव्हती, म्हणून दार बाहेरच्या बाजूला उघडणारे बसवलेले होते. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे तिच्याकडे येत आणि ती बसल्या बसल्या त्यांना बटणे लावून देई.

ताईने मला फार जपले. मला ठेवायला तिने उरलेल्या कापडाची छोटी गादी शिवली. मास्तरांचा फोन रोज संध्याकाळी यायचा, त्याच्या आधीच ती मला हातात घेऊन बसायची. कधी मला उशीर झाला, म्हणजे मास्तरांना उशीर झाला, तर मलाच म्हणायची, "काय रे, आज तोंड शिवलंयस का?"

वरच्या मजल्यावर टपालखात्यातून निवृत्त झालेले एक काका राहत. त्यांना गल्लीने दवंडीकाका असे नाव ठेवले होते. त्यांच्या फोनवर जे काही येईल ते खरे मानून जिन्यात उभे राहून सगळ्यांना ओरडून सांगायचे, हा त्यांचा उद्योग. उद्या पाणी येणार नाही, परवा तारा कोसळणार आहे, अमुक भाजी खाल्ल्याने दृष्टी जाते. माणूस मनाचा चांगला, पण त्यांच्या बोलण्यावर विसंबून कोणी छत्रीसुद्धा उघडत नसे. त्यांच्याही वर एक नर्सबाई राहायच्या. त्यांना बहुतेक रात्रपाळी असे, म्हणून दिवसा त्या पडदे ओढून झोपत. आपल्या फोनवरच्या सूचना त्यांनी पहिल्या आठवड्यातच बंद करून टाकल्या होत्या. "मला मेल्यासारखी झोप लागते तेवढंच सुख आहे, तेही कशाला घालवू?" असे त्या म्हणत.

ताईकडे आल्यावर माझ्यावर सूचनांचा सपाटा सुरू झाला. कधी उन्हाचा कडाका वाढणार म्हणून, कधी वादळ येणार म्हणून. ते वादळ आले नाही, दुसरीकडेच वळले. कधी कोणी म्हातारे गृहस्थ हरवले म्हणून. आणि मधूनमधून चाचणी. प्रत्येक वेळी मी जीव तोडून ओरडायचो, आणि प्रत्येक वेळी ताईच्या हातातली सुई बोटात शिरायची. तिला तो आवाज सोसत नसे. ओरडून झाल्यावर कितीतरी वेळ ती छातीवर हात धरून बसे. शेवटी एकदा ती स्टुलावर उभी राहून फळीवरचा दोऱ्यांचा डबा काढत होती आणि मी किंचाळलो. ती स्टुलावरून पडली आणि तिचे मनगट मोडले. सूचना कसली होती, तर पुन्हा चाचणीच.

ताईचा हात गळ्यात आला, बटणे लावायचे काम थांबले. मास्तर धावत आले. ते मला जे काही बोलले ते मी इथे सांगत नाही. मग त्यांनी मला खिशात टाकले आणि थेट मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेले.

त्या दुकानात आमच्यासारख्यांची रांगच लागली होती. कामे निरनिराळी नव्हतीच, सगळ्यांचे एकच मागणे होते. "ते ओरडणं बंद करून द्या." एका बाईंचे तान्हे बाळ नुकते झोपले होते, ते उठले होते. एका गृहस्थांना वाटत होते की कोणीतरी त्यांचा फोन आतून ताब्यात घेतला आहे. एक आजोबा विचारत होते, "पण तो बोलला कोण? आणि त्याला माझा नंबर दिला कोणी?" एका कॉलेजकन्येने मान उडवून सांगितले की मुद्दाम घाबरवतात, लक्ष दुसरीकडे वळवायला. एक जण तेवढा म्हणाला, "अहो, पण कधीतरी खरं येईल की." त्याच्याकडे सगळ्यांनी असे पाहिले, की तो बिचारा मागे सरकून चार्जर बघू लागला.

दुकानदार मात्र खुशीत होता. तो हे काम फुकट करून द्यायचा, म्हणजे गिऱ्हाईक काच तरी बदलून घेई. त्याने मला हातात घेतले, माझ्या सेटिंगांत शिरला आणि बोटाने एक कळ बाजूला सारली.

"घ्या मास्तर. मुका करून दिला."

"खरोखरचं काही आलं तर?" मास्तरांनी विचारले.

"खरोखरचं आलं तर टीव्हीवर येईल, गल्लीत ओरडाआरडा होईल. ह्याच्यावाचून काय अडतंय?"

मास्तरांना ते पटले. कोणालाही पटले असते. मला घेऊन ते ताईकडे परतले. ताईने मला पाहिल्याबरोबर पाय वर घेतले.

"परत नको रे तो माझ्याजवळ. मला आता त्याची भीतीच बसली आहे."

"अगं, आता नाही ओरडणार. दुरुस्त करून आणलाय."

"अजिबात नाही? आणि खरंच काही आलं म्हणजे? नदी काय लांब आहे का इथून?"

ताईच्या गळ्यातल्या हाताकडे मास्तरांनी पाहिले. मग ते म्हणाले, "तसं नाही. त्या चाचण्याबिचण्या तेवढ्या बंद केल्यात. खरं असेल तरच वाजेल."

"अस्सं होय," ताई म्हणाली, आणि तिने मला पुन्हा माझ्या गादीवर ठेवले. त्या दिवसापासून तिला शांत झोप लागू लागली. मास्तरांनी तिला फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांना तिचा धास्तावलेला चेहरा बघवत नव्हता, एवढेच.

मित्रांनो, मुका केलेला फोन बहिरा होत नाही, हे तुम्हाला ठाऊक नसेल. सूचना माझ्यापर्यंत येतच होत्या. फक्त त्या घशाशी येऊन थांबत. काचेवरसुद्धा उमटत नसत. सुरुवातीला मला गुदमरल्यासारखे व्हायचे. मग सवय झाली. ऊन आले, गेले. वादळ आले म्हणाले, आले नाही. मी न ओरडल्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. आपण इतके दिवस उगाचच घसा फोडत होतो की काय, असेही मला वाटू लागले. हळूहळू सूचना आली तरी मला काही वाटेनासे झाले. दुकानातल्या त्या रांगेतले लोक आणि मी आता सारखेच झालो होतो.

आणि मग ती दुपार आली. आभाळ निळेशार होते. ताईचे मनगट बरे झाले होते आणि ती पलंगावर बसून छोट्या मुलांच्या शर्टांना बटणे लावत होती. मला सूचना आली. धरणाचे दरवाजे उघडले आहेत, पाणी वेगाने वाढत आहे, नदीकाठच्या सर्वांनी ताबडतोब उंच जागी जावे, अशी. ती घशाशी आली आणि थांबली. मी गादीवर पडून होतो. ताईने दोरा तोडला आणि पुढचे बटण घेतले.

इतक्यात जिन्यात धावपळ ऐकू आली आणि दवंडीकाका अर्ध्या जिन्यातून ओरडले, "ताई! अहो ताई! वर या लवकर! धरणाचं पाणी सोडलंय!"

ताई दारात जाऊन म्हणाली, "काका, आभाळ तरी बघा. पावसाचा टिपूस नाही."

"पाऊस तिकडे वर डोंगरात झालाय. माझ्या फोनवर आलंय!"

"तुमच्या फोनवर काय येत नाही, काका! परवा तारा कोसळणार होता."

"हे तसलं नाही हो. हे सरकारी आहे. केवढ्यांदा बोंबलला, ऐकलं नाहीत?"

ताई थोडी थबकली. मग आत आली, तिने मला उचलले, माझी काच पाहिली, आणि मला दारातून उंच धरून काकांना दाखवले.

"हा बघा माझा. चकार शब्द नाही. माझ्या भावानं नीट करून आणलाय. खरं असेल तरच वाजतो. हा गप्प आहे, म्हणजे काही नाही."

काका जिन्यात घोटाळले. ते माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर लोकांनी ज्याला खोटे पाडले, त्याला आणखी एकदा खोटे पडायला किती वेळ लागतो? "असं म्हणता?" ते म्हणाले. "मग माझ्याच फोनचं काही बिघडलंय की काय..."

"चहा टाका तोवर. एवढे शर्ट संपवून येतेच."

काका आपला फोन पुन्हा वाचून बघायला वर गेले. ताई पलंगावर येऊन बसली.

पाणी आधी मोरीतून वर आले. ते पूर्वीही यायचे, त्यामुळे ताई घाबरली नाही. तिने गठ्ठे उचलून पलंगावर रचले. गणवेशाला डाग पडला तर कारखान्यात आपल्या भावाला बोलणी बसतील, म्हणून एकेक गठ्ठा तिने जपून उचलला. त्यात वेळ गेला. मग दाराखालून पाणी आले, आणि ते मोरीच्या पाण्यासारखे नव्हते. ताईने दार लोटले. बाहेरच्या पायऱ्यांवर पाणी साठले होते आणि दार बाहेर उघडणारे होते. ते हलले नाही. तिने पुन्हा लोटले. मग काकांना हाका मारल्या. मग मला उचलून मास्तरांना फोन लावला. लाइन लागली नाही, सगळे गाव तेव्हा एकमेकांना फोन करत होते. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी पलंगावर चढून तिने मला छताला लागून असलेल्या फळीवर ठेवले, आणि पडू नये म्हणून भिंतीपर्यंत आत सारले.

पुढचे मी पाहिले आहे. ते सांगत नाही.

मास्तर तेव्हा कुठे होते, ते मला नंतर घरातल्या बोलण्यांवरून कळले. त्यांचे पाते थरात होते. टोपलीतले सगळे फोन किंचाळले, तसा कोणीतरी सवयीने ओरडला, "चाचणी आहे, चाचणी!" आणि सगळे हसले. मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांचा नियमच होता तो. थर पुरा कापून झाल्यावर त्यांनी हात पुसले, टोपलीतून फोन काढला आणि संदेश वाचला. मग ते गल्लीपर्यंत पळत आले. तोवर काका आणि नर्सबाई बाहेरच्या पायऱ्यांवर छातीएवढ्या पाण्यात उभे राहून ते दार ओढत होते. माणसे पहार घेऊन आली आणि दार निघाले, पण त्याचा ताईला काही उपयोग झाला नाही.

पाणी ओसरल्यावर मास्तर खोलीत आले. पलंगावरच्या गठ्ठ्यांचा चिखल झाला होता. फळीवर मी कोरडा होतो. त्यांनी मला खिशात घातले. ते रडले नाहीत. जेवायला वाढले की जेवत, कामावर जात, कोणी काही विचारले की "हो" म्हणत. शेजारीपाजारी म्हणाले, धीराचा माणूस आहे. मी त्यांच्या खिशात होतो. तो धीर नव्हता. त्यांनाही काही वाटेनासे झाले होते.

खोलीतला चिखल काढायच्या दिवशी त्यांनी जिन्यात काकांना गाठले.

"काका, तुमच्या फोनवर सूचना आली होती ना? तुम्ही ताईला हाक नाही मारलीत?"

काकांनी मास्तरांच्या खिशातून वर आलेल्या माझ्या काचेकडे पाहिले. मग खाली बघत म्हणाले, "नाही हो मास्तर. नेमका माझा डोळा लागला होता."

ही गोष्ट गल्लीभर झाली. एरवी ऊठसूट दवंडी पिटतात आणि नेमक्या वेळी झोपतात, असे लोक काकांच्या तोंडावर बोलू लागले. वाण्याने त्यांच्याशी बोलणे टाकले, मास्तरांनीही टाकले. काका निमूटपणे ऐकून घेत आणि जिना चढून वर जात. जिन्यात उभे राहून ओरडणे त्यांनी पुरते सोडले.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी नर्सबाई कारखान्यात आल्या. रात्रपाळी करून तशाच आल्या होत्या, डोळे तारवटलेले. मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला आता हे सहन होत नाही. काका झोपले नव्हते. त्यांच्या ओरडण्यानंच मला जाग आली होती. मी म्हटलं, ह्यांचं रोजचंच आहे, आणि कूस बदलून परत झोपले. पण ते ओरडत होते, मास्तर. ताईंशी बोलतसुद्धा होते."

मास्तर तसेच काकांकडे गेले. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"काका, ती काय म्हणाली?"

"जाऊ द्या ना, मास्तर."

"काय म्हणाली ते सांगा."

काकांनी मास्तरांच्या खिशातल्या माझ्याकडे बोट दाखवले. मग म्हणाले, "तिनं हा फोन मला दाखवला. म्हणाली, भावानं नीट करून आणलाय. खरं असेल तरच वाजतो. हा गप्प आहे, म्हणजे काही नाही."

मास्तर दाराच्या उंबऱ्यातच खाली बसले.

"मी तो बंद करून आणला होता," ते म्हणाले. "सगळाच बंद करून आणला होता. तिला धीर यावा म्हणून तसं बोललो."

"कळलं होतं मला. तुमचा वाजला, माझा वाजला आणि हा वाजला नाही, तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही खोटं का बोललात? लोकांच्या शिव्या का खाल्ल्यात?"

"माझ्यावर एरवी तरी कोण विश्वास ठेवत होतं? मला काय फरक पडणार होता," काका म्हणाले. "तुम्हाला मात्र जन्मभर झोप लागली नसती."

तेव्हा मास्तर रडले. इतक्या दिवसांचे रडले. काका त्यांच्या शेजारी उंबऱ्यात येऊन बसले आणि त्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. मास्तरांनी मला खिशातून काढले, ती कळ शोधली आणि पुन्हा होती तिथे सारली. माझा आवाज मला परत मिळाला. मला आनंद झाला का? नाही झाला. मी काहीतरी वाटण्याची वाट बघत होतो, पण काही वाटले नाही.

आता मी कारखान्यात असतो. टोपलीत फोन ठेवायचा नियम मास्तरांनी मोडला. परवाच एक चाचणी आली, तेव्हा पाते भर थरात होते. मास्तरांनी यंत्र थांबवले, मला खणातून काढले आणि संदेश पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. थर सरकले, कापड वाया गेले. कोणी हसले नाही आणि मालकही काही बोलले नाहीत. दवंडीकाकांकडे मास्तर आता दर सुट्टीच्या दिवशी जातात, आणि काका जे काही सांगतील ते ऐकून घेतात. त्यातले पुष्कळसे अजूनही खोटेच असते.

मित्रांनो, तुम्ही सगळ्या सूचना चालू ठेवा, असे मी तुम्हाला हात जोडून सांगू शकतो. माझ्यासारखे जुने फोन तेवढेच सांगतात. पण माझे मागणे त्याहून लहान आहे. आम्ही नको तेव्हा ओरडतो, तुमची झोप मोडतो, तुम्हाला आमचा राग येतो, हे मला माहीत आहे. बंदच करायचे असेल तर करा. पण तुमच्या घरात आजी असेल, मावशी असेल, एकटी राहणारी आत्या असेल, तर आज तिचा फोन हातात घेऊन बघा. त्याचे तोंड तुम्ही बंद केलेले असेल आणि ते उघडायचे तुमच्या मनात नसेल, तर निदान तिच्यासमोर बसा आणि तिला नीट सांगा. सांगा, "ह्याला मी गप्प केलंय. हा बोलला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नकोस. कोणी हाक मारली, तर ह्याच्याकडे बघत बसू नकोस. ऊठ आणि वर जा."